खेड्यातल्या म्हाताऱ्या डोळ्यांचे डॉक्टर

स्मरणिकेचे काम सुरू झाले की दरवर्षी माझ्या वाट्याला जाहिराती गोळा करण्याचे काम येते. यंदा संपादक मंडळींनी लेखच मागितला. मी काही लेखक नाही. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन रेल्वेत लागलेला, डब्यांची चाके, स्प्रिंगा आणि ब्रेक तपासणारा माणूस. पण ज्या मदुराईत आपण एवढी वर्षे राहतो, पोटापाण्याला लागलो, बाप्पा बसवतो, त्या गावातल्या एका मोठ्या माणसाची ओळख आपल्या मुलाबाळांना असावी असे बरेच दिवस मनात होते. शिवाय या विषयाशी माझ्या घरातली एक दुखरी गोष्ट जोडलेली आहे. तीही सांगणार आहे.

हा माणूस म्हणजे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी. सगळे मदुराई त्यांना डॉ. व्ही. म्हणूनच ओळखते. अरविंद नेत्र रुग्णालयाचे ते संस्थापक. २००६ साली ७ जुलैला ते वारले. माझी मदुराईला बदली झाली २००९ साली, त्यामुळे त्यांना पाहण्याचा योग आला नाही. जे लिहितो आहे ते वाचलेले, इथल्या जुन्या लोकांकडून ऐकलेले आणि आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या डोळ्यांच्या निमित्ताने स्वतः पाहिलेले.

त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१८ चा. गाव वडमलापुरम, एट्टयपुरमच्या परिसरातले. सुब्रमण्य भारतींचे एट्टयपुरम ते हेच. कोविलपट्टीच्या बाजूला गाडीने जाताना खिडकीतून काळी, कोरडवाहू जमीन दिसते, कापूस दिसतो. आमच्या माणदेशातल्या माणसाला ती जमीन पाहिली की पावसाची वाट पाहणारे आपले गाव आठवतेच. घर शेतकऱ्याचे. पाच भावंडांत वेंकटस्वामी थोरले. शाळेत पाटी-पेन्सिलीची वानवा, म्हणून नदीकाठची वाळू आणून जमिनीवर पसरायची आणि त्यात बोटाने अक्षरे गिरवायची, असे त्यांचे पहिले शिक्षण.

लहानपणी त्यांच्या नात्यातल्या तरुण बहिणी बाळंतपणाच्या सुमारास दगावल्या. जवळपास डॉक्टर नव्हता. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले, तेही बाळंतपणे करणारा डॉक्टर. मदुराईच्या अमेरिकन कॉलेजातून ते १९३८ मध्ये रसायनशास्त्राचे पदवीधर झाले आणि १९४४ मध्ये मद्रासच्या स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर. त्यानंतर सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. सगळे ठरल्याप्रमाणे चालले होते.

आणि मग संधिवाताने गाठले. साधा गुडघेदुखीचा नव्हे, सगळे सांधे धरणारा आमवात. वय जेमतेम तिशीचे. १९४८ मध्ये सैन्यातून परत यावे लागले. कित्येक महिने अंथरुणात गेले. उठून बसता येईना, हातात पेन धरता येईना. बोटे वाकडी झाली ती कायमची. बाळंतपणे करणारा डॉक्टर होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

दुसरा एखादा खचला असता. डॉ. व्हीं.नी विषय बदलला आणि नेत्रशास्त्र घेतले. म्हणजे ज्याची बोटे सरळ होत नाहीत अशा माणसाने शस्त्रक्रियेतले सर्वांत नाजूक काम निवडले! १९५१ मध्ये त्यांनी नेत्रविद्येची पदविका घेतली आणि १९५४ मध्ये एम. एस. केले. आपल्या वाकड्या बोटांना पेलतील अशी हत्यारे तयार करून घेतली आणि चाकू धरण्याचा सराव पुन्हा पुन्हा केला. पुढे याच हातांनी त्यांनी एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. आमच्या वर्कशॉपमध्ये हत्यार बरे नाही म्हणून काम अडल्याचे कोणी सांगितले की मला ही बोटे आठवतात.

१९५६ पासून वीस वर्षे ते मदुराईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागाचे प्रमुख होते. वडिलांच्या पश्चात घराची जबाबदारी त्यांच्यावर आली. स्वतः लग्न केले नाही, पण धाकट्या भावंडांची शिक्षणे आणि लग्ने केली. नोकरी सरकारी, हुद्दा मोठा, पगार बरा. एवढ्यावर थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती.

पण त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामाचे मूळ तिथे आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्या काळीही होत होती आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट होती. तरीही खेड्यापाड्यांत हजारो म्हातारी माणसे आंधळी होऊन ओसरीवर बसलेली होती. म्हणजे दोष फक्त शस्त्रक्रियेच्या सोयीचा नव्हता. ज्याला दिसत नाही तोच माणूस दवाखान्यापर्यंत पोचू शकत नव्हता. दवाखाना शहरात आणि डोळा खेड्यात, ही मधली वाट कोणाचीच जबाबदारी नव्हती.

म्हणून सरकारी नोकरीत असतानाच १९६० च्या दशकात त्यांनी गावोगाव नेत्रशिबिरे सुरू केली. शाळेच्या खोल्यांत, मंगल कार्यालयांत माणसे जमायची. तपासणी तिथेच, शस्त्रक्रियाही तिथेच, बाकड्यांची टेबले करून. तेव्हाची शस्त्रक्रिया वेगळी होती. डोळ्यातले भिंग काढायचे, पण आत दुसरे बसवायचे नाही. रोग्याने काही दिवस हालचाल न करता पडून राहायचे आणि मग जन्मभर जाड भिंगांचा चष्मा. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना दोऱ्याने बांधलेला, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा तो चष्मा नक्की आठवत असेल. माझ्या आजीला तसा होता. तो फुटला की माणूस पुन्हा आंधळा. या कामाबद्दल १९७३ साली डॉ. व्हीं.ना पद्मश्री मिळाली.

१९७६ मध्ये ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. आपल्याकडे निवृत्त माणूस गावी घर बांधतो. यांनी असलेले घर गहाण टाकले आणि भाड्याच्या जागेत अकरा खाटांचे नेत्र रुग्णालय काढले. त्यांची श्री अरविंदांवर निष्ठा होती, म्हणून त्यांचे नाव दिले. बहीण डॉ. नाच्चियार, त्यांचे यजमान डॉ. नम्पेरुमाळसामी आणि इतर भावंडे सोबत आली. भाऊ श्रीनिवासन यांनी बांधकाम आणि पैशाचा हिशेब सांभाळला. अडचणीला घरातले दागिने गहाण पडले. सोन्याचांदीच्या व्यवसायातल्या आपल्या मंडळींना दागिना गहाण टाकणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

पहिल्या दिवसापासून पद्धत अशी की ज्याला परवडते त्याने पैसे द्यावेत, ज्याला परवडत नाही त्याने देऊ नयेत. त्याच डॉक्टरांनी दोघांनाही तपासायचे. पैसे देणाऱ्यांकडून जे उरेल त्यावर बाकीच्यांचा खर्च भागवायचा. या हिशेबावर १९७८ मध्ये मोफत रुग्णांसाठी सत्तर खाटांची व्यवस्था झाली आणि १९८१ मध्ये अडीचशे खाटांची इमारत उभी राहिली. पुढे थेनी, तिरुनेलवेली, कोइमतूर, पाँडिचेरी अशी रुग्णालये होत गेली आणि त्यांच्या पश्चात ती चेन्नई, तिरुपतीपर्यंत पोचली.

अमेरिकेतल्या खाद्यपदार्थांच्या साखळी दुकानांचे त्यांना फार कौतुक होते, असे सांगतात. कुठल्याही गावी जा, पदार्थ तोच, चव तीच, वेळ तोच. मोतीबिंदूचे काम असे का होऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता. रेल्वेतल्या माणसाला हे लगेच पटते. नागरकोविलची पिट लाइन असो की जम्मूची, डबा तपासण्याची पद्धत एकच असते, म्हणून तर गाडी सुरक्षित धावते. अरविंदमध्ये शस्त्रक्रियागृहात दोन टेबले शेजारी असतात. एका रोग्याचे काम चालू असताना दुसऱ्याची तयारी पूर्ण होते, आणि डॉक्टर फक्त वळून पुढचे काम सुरू करतात. तयारी, नोंदी, दृष्टी मोजणे, औषध घालणे ही कामे खेड्यांतून निवडून, दोन वर्षे शिकवून तयार केलेल्या मुली करतात. डॉक्टरचा वेळ डॉक्टरच्याच कामाला लागतो.

डोळ्यात बसवायची कृत्रिम भिंगे आली तेव्हा ती परदेशातून यायची आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. १९९२ मध्ये ऑरोलॅब ही संस्था काढून ती मदुराईतच बनवायला सुरुवात केली आणि किंमत कित्येक पटींनी खाली आली. सोड्याच्या बाटलीचा चष्मा गेला तो यामुळे.

पण लोक अरविंदचे नाव घेतात ते शस्त्रक्रियांच्या आकड्यासाठी. मला विचाराल तर खरी कमाल त्या आधीच्या पायरीची आहे, म्हणजे तपासणीची.

शिबिरांची पद्धत हळूहळू बदलत गेली. शाळेच्या खोलीत शस्त्रक्रिया केली तर जंतुसंसर्गाचा धोका, म्हणून तपासणी गावात आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात अशी विभागणी झाली. शिबिर भरवायचे ते गावातल्याच कोणी तरी: लायन्स क्लब, बँक, देवस्थान, एखादा व्यापारी. जागा आणि दवंडी त्यांची, डॉक्टर आणि साधने रुग्णालयाची. आलेला माणूस एका रांगेतून पुढे सरकतो: नाव नोंदणी, दृष्टी मोजणे, डोळ्याचा दाब, रक्तदाब, लघवीतली साखर, शेवटी डॉक्टर. चष्मा लागला तर शक्यतो तिथेच बनवून देतात.

यातूनही एक शहाणपण शिकावे लागले. शस्त्रक्रिया फुकट असूनही माणसे येत नव्हती. विचारपूस केल्यावर कळले की फुकट म्हणजे फुकट नसते. बसभाडे कोण देणार? तिथे जेवायचे काय? सोबत मुलगा आला तर त्याची मजुरी बुडणार. शिवाय भीती, आणि आता किती दिवस राहिलेत माझे, हा प्रत्येक म्हाताऱ्याचा ठरलेला विचार. मग अरविंदने शिबिरातूनच बसने न्यायचे, जेवण द्यायचे, काळा चष्मा आणि औषधे द्यायची आणि परत गावी आणून सोडायचे, असे सुरू केले. एकाच गावची पाच-दहा माणसे एकत्र नेली की एकमेकांची सोबत होते आणि मुलाची मजुरी बुडत नाही. वॉर्डात जमिनीवर चटया. घरी झोपतो तसेच झोपायचे, बिचकायला होत नाही.

एवढे करूनही १९९० च्या दशकात या भागात अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की डोळ्यांचा त्रास असलेल्या शंभर लोकांपैकी साधारण सातच शिबिराला आले होते. स्वतःच्या कामातली उणीव अशी मोजून पाहायला धैर्य लागते. शिबिर वर्षातून एखाद्या दिवशी येते. त्या दिवशी घरात लग्न असले, पाऊस असला की संधी गेली. म्हणून २००४ पासून दृष्टी केंद्रे सुरू झाली. छोट्या गावात भाड्याच्या खोलीत रोज उघडे असणारे केंद्र. तिथे प्रशिक्षित तंत्रज्ञ डोळा तपासते, माहिती आणि छायाचित्रे तारेवरून रुग्णालयात जातात, आणि तिथले डॉक्टर पडद्यावरून त्याच वेळी रोग्याशी बोलतात. डॉ. व्ही. हयात असतानाच ही सुरुवात झाली. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत. खेड्यातला डोळा आणि शहरातला दवाखाना यांतली वाट अखेर कोणाची तरी जबाबदारी झाली.

आता घरची गोष्ट.

आप्पा गावी होते, आटपाडीच्या बाजूला. थोडी जिराईत जमीन, दोन म्हशी. सत्तरीला आले होते. मी सुट्टीवर गेलो की काही गोष्टी दिसायच्या. संध्याकाळी देवळात जाणे बंद झाले होते. डाव्या बाजूने कोणी आले की दचकायचे. चहाची कपबशी ठेवताना कट्ट्याच्या कडेवर ठेवायचे आणि ती पडायची. आम्ही हसायचो. वयच झाले, असे आई म्हणायची आणि आप्पांनाही तेच वाटायचे. गावातले जाणकार सांगायचे की मोतीबिंदू अजून पिकू दे, मग काढा. मी दोन वर्षे दरवेळी पुढच्या सुट्टीत बघू असे म्हणत राहिलो.

२०१३ साली त्यांना मदुराईला आणले आणि अरविंदमध्ये नेले. त्या मुलींनी एकेक डोळा झाकून तपासला, दाब मोजला, आत औषध घालून पाहिले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्याची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी आप्पांनी समोरच्या भिंतीवरचे घड्याळ वाचले. तो आनंद सांगता येणार नाही. पण डाव्या डोळ्यात काचबिंदू होता आणि तो डोळा जवळजवळ गेलेला होता. मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. त्यात डोळ्याची नसच मरते, तीही कडेकडेने, न दुखता, न कळता. दोन वर्षे आधी आणले असते तर बरीच नजर वाचवता आली असती, असे डॉक्टरांनी मला शांतपणे समजावले. उजव्या डोळ्याचाही दाब वाढू लागला होता, म्हणून रोज थेंब घालायचे ठरले. ते आजही चालू आहेत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या खात्यात गाडी फलाटावर येताना दोन्ही बाजूंना माणसे उकिडवी बसून खालचा भाग न्याहाळतात. त्याला रोलिंग-इन एक्झामिनेशन म्हणतात. डबा स्वतः तक्रार करत नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. दोष दिसला की डबा सिक लाइनला. गाडी चालवणाऱ्यांची नजर ठरावीक काळाने तपासतात, वय वाढेल तशी अधिक वेळा. दिसते आहे असे ते म्हणाले म्हणून कोणी सोडत नाही. हे सगळे मी रोज करतो, रोज पाहतो, आणि माझ्या वडिलांची एकदाही तपासणी झाली नव्हती. त्यांनी तक्रार केली नव्हती, एवढेच कारण. डॉ. व्हीं.नी साठ वर्षांपूर्वी ओळखलेली गोष्ट तीच. म्हातारा माणूस आपणहून सांगत नाही, आपणहून येतही नाही. त्याच्यापर्यंत आपण जायचे असते.

म्हणून मंडळाच्या सभासदांना हात जोडून एक विनंती. आपल्यापैकी बहुतेकांचे आई-वडील गावी आहेत. खानापूर, आटपाडी, विटा, कवठेमहांकाळ. गलाईच्या कामात असलेली मंडळी जत्रेला, दिवाळीला गावी जातात. यंदा गेलात की त्यांना ओसरीवर बसवा. एक डोळा हाताने झाका आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची मोठी तारीख विचारा. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारू नका, चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो. पण तारीख वाचली म्हणून निश्चिंतही होऊ नका. काचबिंदू आणि मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम या खेळात कळत नाहीत. त्यासाठी डोळ्याचा दाब आणि आतली नस डॉक्टरांनीच पाहायला हवी. चाळिशीनंतर आपण सर्वांनीच आणि मधुमेह असलेल्यांनी दरवर्षी. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याची आता गरज नाही. सरकारी जिल्हा रुग्णालयात ती शस्त्रक्रिया मोफत होते. बसभाडे, सोबत आणि एक दिवसाची रजा एवढे आपण द्यायचे. त्यातही आईची तपासणी आधी करा. ती सर्वांत शेवटी सांगते.

वाळूत बोटाने अक्षरे गिरवणारा मुलगा, पुढे तीच बोटे वाकडी होऊनही लाखो लोकांच्या डोळ्यांना उपयोगी पडला. आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि आमच्याकडेच असतात. आरतीला उभे राहतात ते थोडे उजवीकडे मान वळवून, म्हणजे बाप्पा नीट दिसतो. ती वळलेली मान पाहिली की मला माझी दोन वर्षे आठवतात. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढीच गणरायाचरणी प्रार्थना.

(लेखक दक्षिण रेल्वेच्या मदुराई विभागात कॅरेज अँड वॅगन खात्यात अभियंता आहेत.)